डबा आधी, इंजिन मागाहून

आमच्या घरची जीप १९७४ची. महिंद्राने विलीजच्या परवान्यावर बांधलेली सीजे-३बी. उंच बॉनेट, ८० इंचांचा व्हीलबेस, पेट्रोलवर चालणारं हरिकेन इंजिन. आजरा तालुक्यातल्या आमच्या गावी तिनं घनसाळ भाताची पोती वाहिली, अडलेल्या बाळंतिणी गडहिंग्लजला पोचवल्या, ओढ्यात रुतलेल्या गाड्या टोचन लावून बाहेर काढल्या. २००९च्या पावसाळ्यानंतर तिच्या ब्लॉकला चीर गेली. मी तेव्हा फरिदाबादला, ट्रॅक्टरचे गिअर करणाऱ्या कारखान्यात नोकरीला होतो, १९८८पासून. गावाकडून आमच्या आबांनी जीप ट्रकवर चढवली आणि जानेवारी २०१०मध्ये माझ्याकडे धाडून दिली. फोनवर एवढंच म्हणाले, "इंजान कुठलं बी घाल. पर माझा लो गिअर हाय तसा ऱ्हाऊ दे."

आबा ज्याला लो गिअर म्हणत ती ट्रान्सफर केस. गिअरबॉक्सच्या पाठीला लागलेला लोखंडी डबा. इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून या डब्यात येते आणि इथून दोन शाफ्टांवाटे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलला जाते. त्याचा दांडा लोमध्ये टाकला की प्रत्येक गिअरचा जोर अडीचपट होतो आणि गाडी माणसाच्या चालीनं, दम न तोडता, चिखलातून वर येते. गिअरच्या कारखान्यात बावीस वर्षं काढली असल्यानं मी हे काम तीन महिन्यांचं धरलं होतं. लागले अकरा. त्या अकरा महिन्यांत जे शिकलो ते लिहून ठेवतो आहे, कारण माझा पुतण्या गुरुग्रामला अशीच एक जुनी जीप बांधायला निघाला आहे आणि त्यानंही पहिल्यांदा इंजिनच विकत घेतलं आहे.

१. इंजिनाचे पैसे देण्याआधी गाडीखाली झोपा

त्या काळी दिल्लीत सरकारी ॲम्बॅसेडर लिलावात निघत. त्यातल्या १८०० आयएसझेडमध्ये इसुझूचं १,८१७ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि पाच गिअरांचा गिअरबॉक्स असे. हरिकेनची ताकद ७२ अश्वशक्ती, याची ७५. सुटे भाग मिळणारं, गुळगुळीत चालणारं इंजिन. लिलावातली एक गाडी घेतलेल्या ओळखीच्या माणसाकडून मी इंजिन आणि गिअरबॉक्स कागदपत्रांसह उचलला. घरी आणून जीपच्या शेजारी ठेवला, टेप लावला, आणि तिथंच पहिला धक्का बसला.

जीपमध्ये टी-९० हा तीन गिअरांचा छोटासा गिअरबॉक्स असतो आणि ट्रान्सफर केस त्याच्या पाठीला थेट चिकटते. मधे शाफ्ट नाही, मोकळी जागा नाही. गिअरबॉक्सच्या मुख्य शाफ्टवरच ट्रान्सफर केसचा पहिला गिअर बसतो. ॲम्बॅसेडरच्या गिअरबॉक्सला मात्र लांब शेपूट. ती मोटार मागच्या दोन चाकांवर चालणारी, त्यामुळे त्या शेपटाच्या टोकाला एकच शाफ्ट जोडता येतो. डबा लावायला तिथं ना तोंड, ना बोल्टची भोकं.

म्हणजे मी जे आणलं होतं त्याला माझ्या गाडीत पाठच नव्हती. क्रम उलटा हवा होता. आधी ॲक्सल बघायचे, मग ॲक्सलना जुळणारा डबा, मग डब्याला जुळणारा गिअरबॉक्स, आणि सगळ्यात शेवटी त्या गिअरबॉक्सला जुळणारं इंजिन. इंजिन बॉनेटखाली असतं, ते लोकांना दाखवता येतं, त्याचा आवाज ऐकवता येतो. म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात.

२. शाफ्ट कुठल्या बाजूनं निघतो ते खडूनं लिहून ठेवा

विलीजच्या वंशातला डबा म्हणजे डेना किंवा स्पायसर १८. त्याचे पुढचा आणि मागचा असे दोन्ही आउटपुट गाडीच्या मध्यावरून उजवीकडे सरकलेले असतात, म्हणून दोन्ही ॲक्सलवरचे डिफरन्शियलचे गोळेही उजवीकडे. पुढच्या काळातल्या बहुतेक डब्यांत मागचा आउटपुट गिअरबॉक्सच्या सरळ रेषेत येतो आणि फक्त पुढचा एका अंगाला, साखळीवर चालणारा. असा डबा जुन्या जीपमध्ये घातला तर मागचा शाफ्ट तिरका जातो, खाली तर जातोच पण बाजूलाही. पुढचा आउटपुट डावीकडचा निघाला तर पुढचा ॲक्सलच बदलावा लागतो. बाजारात डबा बघायला जाताना कागदावर आपल्या चेसीचं चित्र आणि त्यावर बाणांनी दोन्ही बाजू काढून न्या. दुकानात उलटा पडलेला डबा बघताना डावं-उजवं भल्याभल्यांचं चुकतं.

३. हाय म्हणजे एकास एक, असं धरून चालू नका

ही माझी सगळ्यात महागात पडलेली चूक, म्हणून जरा विस्तारानं सांगतो.

मायापुरीत, दिल्लीच्या भंगारबाजारात, ज्याला विचारावं तो एकच सल्ला देई, जिप्सीचा डबा लावा. सल्ल्याला आधार होता. मारुती जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून सुटी असते. चेसीवर स्वतंत्र बसवलेली, आणि मधे एक आखूड शाफ्ट. त्यामुळे इंजिन कुठलंही असो, गिअरबॉक्स कुठलाही असो, मधला शाफ्ट करून घेतला की काम झालं. माझ्या शेपूटवाल्या गिअरबॉक्सला यापेक्षा सोपा इलाज दिसत नव्हता. जिप्सी किंगचा डबा घेतला, घासून पुसून स्वच्छ केला आणि चेसीला ब्रॅकेटही वेल्डिंग करून घेतले.

एका रविवारी सहज, हायमध्ये दांडा असताना, इनपुट हातानं फिरवून बघत होतो. दोन्ही फ्लँजवर खडूची रेघ. इनपुटच्या चौदा फेऱ्या झाल्या तेव्हा आउटपुटच्या दहाही जेमतेम झाल्या होत्या. मी तसाच खाली बसलो. जिप्सीच्या या डब्यात हायचं गुणोत्तर १.४०९ आहे आणि लोचं २.२६८. म्हणजे हायमध्येसुद्धा तो वेग कमी करतो. मारुतीनं हे विचार करूनच केलेलं आहे. जिप्सीच्या ॲक्सलचं गुणोत्तर त्याच हिशेबानं जीपपेक्षा बरंच कमी ठेवलेलं असतं. डबा आणि ॲक्सल मिळून त्यांचा एक गुणाकार आहे. मी त्यातला एकच आकडा उचलून आणला होता.

आता माझ्या जीपचा हिशेब बघा. सीजे-३बीच्या ॲक्सलचं गुणोत्तर ५.३८. ६.००-१६चं टायर एका फेरीत साधारण २.२६ मीटर जातं. ताशी ८० किलोमीटरला चाकाच्या मिनिटाला ५९० फेऱ्या होतात. त्याला ५.३८नं गुणलं की ३,१७४. मूळ डब्यात हाय एकास एक, म्हणून टॉप गिअरमध्ये इंजिनही तेवढंच फिरतं. जिप्सीचा डबा मधे आला की १.४०९नं आणखी गुणायचं: ४,४७२. पाचवा गिअर थोडा दिलासा देईल हे खरं, पण गडहिंग्लजहून संकेश्वरला येऊन महामार्गाला लागलं की तासन्‌तास इंजिन किंचाळत ठेवायचं? फरक भरून काढायला ॲक्सलमध्ये ३.८२च्या आसपासचे क्राउन-पिनियन हवेत, आणि माझ्या ॲक्सलला बसणारे तसे दाते मला कुठंच सापडले नाहीत.

लोचीही गंमत पाहण्यासारखी आहे. जिप्सीचा लो २.२६८ गुणिले ५.३८ म्हणजे १२.२०. आबांचा जुना डबा २.४६ गुणिले ५.३८ म्हणजे १३.२३. हाय नको तेवढा खाली गेला आणि लो होता त्यापेक्षा कमजोर झाला! हाय आणि लो यांच्यामधला टप्पा जिप्सीत फक्त १.६१ पट, जीपच्या डब्यात २.४६ पट. आबांनी "हाय तसा ऱ्हाऊ दे" म्हणताना हा भागाकार केला नव्हता, पण चढावर दांडा ओढल्यावर पायाखाली काय येतं ते त्यांना इतक्या वर्षांचं पाठ होतं.

तेव्हा कुठलाही डबा घेताना दुकानातच खडू मागा, दोन रेघा मारा, हाय आणि लो दोन्हींत हातानं फिरवून फेऱ्या मोजा. पाच मिनिटांचं काम आहे.

४. "ऑल व्हील ड्राइव्ह" हा शब्द ऐकून डबा शोधू नका

पुतण्याच्या डोक्यात हे आहे, म्हणून सांगतो. आडव्या इंजिनाच्या आधुनिक एसयूव्हीवर ऑल व्हील ड्राइव्ह लिहिलेलं असतं, पण तिच्यात आपल्या अर्थानं ट्रान्सफर केस नसते. पुढच्या गिअरबॉक्सच्या कुशीत काटकोनात वळणारे दोन गिअर असतात आणि मागच्या ॲक्सलजवळ एक क्लच. लो नाही. तो भाग उचलून जीपमध्ये घालता येत नाही.

खऱ्या डब्यांतही दोन जाती. एकात पुढच्या-मागच्या शाफ्टांमध्ये डिफरन्शियल असतो. लँड रोव्हरची एलटी२३० तशी. ती कायम चारही चाकांवर, कोरड्या डांबरावरसुद्धा चालवता येते. दुसऱ्या जातीत, म्हणजे आपल्या जीप-जिप्सीत, फोर बाय फोर टाकलं की दोन्ही शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधले जातात. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात. चिखलात चाक घसरून हा फरक जिरतो, डांबरावर जिरायला जागा नसते आणि ताण शाफ्टात, क्रॉसमध्ये, डब्याच्या दातांत साठत जातो. दिल्ली, गुरुग्राम, फरिदाबाद म्हणजे वर्षाचा बहुतेक काळ कोरडं डांबर. इथं रोज फिरणाऱ्या गाडीला पार्ट टाइम डबा आणि फ्री व्हीलिंग हब पुरेत. पाऊस आला म्हणून रिंग रोडवर फोर बाय फोर टाकू नये.

बटणावर चालणाऱ्या बोर्ग वॉर्नर डब्यांबद्दलही एक सूचना. स्क्रॅप झालेल्या स्कॉर्पिओ-सफारींमधून ते निघतात, आणि डबे म्हणून चांगले आहेत. पण डब्याबरोबर त्याची मोटर, कंट्रोल युनिट, वायरिंग आणि डॅशबोर्डवरचं बटण हे सगळं एकाच गाडीतलं मिळत असेल तरच घ्या. नुसता डबा आणलात तर तो कुठल्या गिअरात अडकला आहे हेही कळणार नाही. शेतावर, मोबाइलची रेंज नसलेल्या जागी, मला हातानं ओढायचा दांडाच हवा होता.

५. एकाच नावाचे दोन डबे एकसारखे नसतात

जिप्सीचा डबा परत केला (अर्ध्या किमतीत) आणि आबांचाच डेना १८ दुरुस्त करायचं ठरवलं. उघडल्यावर मधला शाफ्ट आणि त्यावरच्या बेअरिंगच्या सुया झिजलेल्या निघाल्या. मायापुरीत "विलीजचा मधला शाफ्ट" मागितला तर दुकानदारानं विचारलं, कुठला? मला वाटत होतं एकच असतो. हा शाफ्ट वेगवेगळ्या काळात पाऊण इंच, एक पूर्णांक एक अष्टमांश इंच आणि सव्वा इंच अशा तीन जाडींचा आला. त्याबरोबर मुख्य शाफ्टवरचा गिअरही बदलला, आधी २६ दात्यांचा, नंतर २९चा. केसिंगचं गिअरबॉक्सकडचं भोकही काही डब्यांत लहान, काहींत मोठं. बाहेरून सगळे सारखेच काळे, सारखेच तेलकट.

मी गेलो तो दिवस वाया गेला. दुसऱ्या खेपेला व्हर्निअर, जुना शाफ्ट आणि दाते मोजून लिहिलेली वही घेऊन गेलो. ज्या दुकानदारानं आदल्या वेळी दोन वाक्यांत कटवलं होतं त्यानंच स्टूल दिलं, चहा मागवला आणि मागच्या खोलीतून चार डबे काढून आणले. बेअरिंग, ऑइल सील, क्रॉस हे मात्र मी भंगारातले घेत नाही. ते कश्मीरी गेटहून नवेच आणले.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये मायापुरीत कोबाल्ट-६०चा अपघात झाला. दिल्ली विद्यापीठातून लिलावात निघालेलं एक जुनं किरणोत्सारी यंत्र तिथं फोडलं गेलं, कामगार आजारी पडले, एकाचा जीव गेला. आमचे त्या बाजारातले लोक हातमोजे न घालता दिवसभर लोखंड फोडतात. त्या गल्ल्यांतून स्वस्तात भाग घेऊन येताना त्या अपघातात गेलेला माणूस मला आजही आठवतो.

६. डबा काढला की हँडब्रेकही जातो

सीजे-३बीचा हँडब्रेक चाकांवर नसतो. ट्रान्सफर केसच्या मागच्या आउटपुटवर एक ड्रम असतो, तो धरला जातो आणि मागच्या शाफ्टातून चाकं थांबतात. स्पीडोमीटरची केबलही याच डब्यातून निघते.

जिप्सीचा डबा लावून बघत होतो त्या दिवसांत जीप वर्कशॉपबाहेर, जरा उतारावर ढकलली. पाठीमागे विटा लावत असलेल्या मदतनीस पोरानं ओरडून हँडब्रेक ओढायला सांगितला. मी ओढला. दांडा वर आला, हाताला नेहमीसारखाच जड लागला, आणि जीप चालू लागली. ड्रम तर जुन्या डब्याबरोबर फळीवर पडला होता. पोरानं उडी मारली म्हणून त्याचा पाय वाचला. जीप भिंतीला जाऊन थांबली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

डबा बदलणार असाल तर नव्या हँडब्रेकचा विचार त्याच दिवशी करा, आणि तो बसेपर्यंत चारही चाकांना लाकडी ठोकळे लावल्याशिवाय गाडीखाली कुणालाही जाऊ देऊ नका.

७. इंच मोजा, मग अंश मोजा

८० इंचांच्या व्हीलबेसमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि डबा यांची रांग जितकी मागे सरकेल तितका मागचा शाफ्ट आखूड होतो. समजा डब्याच्या आउटपुटपासून पिनियन ६ इंच खाली आहे. शाफ्ट २० इंचांचा असेल तर कोन साडेसतरा अंशांचा. रांग ४ इंच लांबली, शाफ्ट १६ इंचांचा झाला, की तोच कोन २२ अंशांवर जातो. युनिव्हर्सल जॉइंट वाकून फिरताना एकसमान वेग देत नाही. २२ अंशांना एका फेरीत दोनदा साधारण साडेसात टक्के पुढे-मागे होतो. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचा जॉइंट ही चूक उलटी करून दुरुस्त करतो, पण दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील आणि दोन्ही योक एका रेषेत बसवले असतील तरच. नाहीतर पन्नाशी ओलांडली की सीटखालून थरथर सुरू होते.

ज्या उस्तादांच्या वर्कशॉपात मी काम करत होतो ते सरदारजी सत्तरीचे. त्यांना कोन शब्द आवडत नसे. शाफ्टवर तळहात ठेवून सांगत, "साहब, इंजन तो कोई भी बैठा देगा. शाफ्ट की चाल कौन देखेगा?" त्यांच्या मापाचं एकक होतं सूत, इंचाचा आठवा भाग. मी मोबाइलवर अंश मोजून सांगायचो, ते ब्रॅकेटखाली एक सूत, दोन सूत पत्री घालायला लावायचे, आणि आमचं उत्तर बहुतेक वेळा एकच यायचं.

८. दोन्ही ॲक्सलचे दाते मोजा

आमच्या वर्कशॉपात एक जीप यायची, बाजारातून बांधून घेतलेली. तिची ट्रान्सफर केस दोनदा फुटली होती, आणि मालक तिसरी आणखी मजबूत शोधत होता. उस्तादांनी दोन्ही गोळ्यांची झाकणं उघडली. मागे ४३ आणि ८, म्हणजे ५.३८. पुढे ३९ आणि ८, म्हणजे ४.८८. फोर बाय फोर टाकलं की पुढची चाकं मागच्यांपेक्षा दहा टक्के जास्त फिरायला बघत. जगातला कुठलाही डबा तिथं टिकला नसता.

९. जोडपट्टी हीच खरी परीक्षा

शेवटी ठरलं ते असं: ॲक्सल जुनेच, डबा जुनाच, टी-९० गिअरबॉक्सही जुनाच, आणि इसुझूचं फक्त इंजिन. पाच गिअर सोडायला जीव होत नव्हता. पण आकडे बाजूनं होते. हरिकेनची पूर्ण ताकद ४,००० फेऱ्यांना मिळते, इसुझूची ५,०००ला. जास्त फिरून काम करणारं इंजिन आणि ५.३८चे आखूड ॲक्सल यांची जोडी जमण्यासारखी होती. ८०च्या वेगाला ३,१७४ फेऱ्या हरिकेनला जड जायच्या, इसुझूला त्या सहज झेपणार होत्या. पहिल्या गिअरात, लोमध्ये, एकूण गुणाकार २.७९८ गुणिले २.४६ गुणिले ५.३८, म्हणजे ३७. आबांचा शब्द तंतोतंत राहत होता.

राहिली अडॅप्टर प्लेट. इंजिनाच्या बोल्टची भोकं एका नक्षीत, गिअरबॉक्सच्या बेल हाउसिंगची दुसऱ्या. मधे एक जाड प्लेट, दोन्ही नक्षींना धरणारी. फरिदाबादच्या मुजेसरमधल्या एका लेथवाल्याकडून ती करून घेतली. दिसायला सुंदर झाली. गाडी सुरू झाली, दमदमा तलावाच्या बाजूच्या खडकाळ वाटेवर चाललीही. पण क्लच सोडताना थरथर होती आणि सहाशेएक किलोमीटरांनंतर गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग ओरडू लागलं. उघडलं तर पिंजरा तुटलेला.

कारण मी कारखान्यात दुसऱ्यांना रोज समजावून सांगत होतो तेच. बोल्ट धरून ठेवतात, जागा दाखवत नाहीत. बोल्टच्या भोकाला सैलपणा असतोच. क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या इनपुटचा मध्य एका रेषेत आणायचं काम डॉवेल पिनांचं. दुसऱ्या वेळी प्लेट बांधून, फ्लायव्हीलवर डायल गेज लावून, क्रँक हातानं फिरवत बेल हाउसिंगच्या भोकाचा काठ तपासला. २१ थाऊ, म्हणजे इंचाचे एकवीस हजारांश. काटा पाचच्या आत येईपर्यंत प्लेट सरकवली आणि मगच डॉवेलची भोकं पाडली. क्रँकच्या टोकाला टी-९०च्या इनपुटसाठी नवा पायलट बुश केला, क्लच प्लेट इसुझूच्या व्यासाची पण मधला हब टी-९०च्या स्प्लाइनचा. या कामाला तीन शनिवार-रविवार गेले. थरथर गेली ती गेलीच.

१०. तेल

टी-९० आणि डेना १८ यांच्यामध्ये एकच सील असतो. तो कच्चा झाला की तेल एकातून दुसऱ्यात जातं, एक डबा भरून वाहतो आणि दुसरा कोरडा पडतो. दोन्हींच्या पातळीचे नट वेगवेगळे उघडून बघा. साखळीवाल्या डब्यात मात्र ९० नंबरचं जाड तेल ओतू नका. त्यातल्या बहुतेकांना ऑटोमॅटिकचं पातळ तेल लागतं.

११. पहिला पाना उचलण्याआधी आरटीओ

जीपची नोंदणी कोल्हापूरची. इंजिन बदलण्याची परवानगी तिथूनच घ्यायची होती, आणि आरसी बुकात नवा इंजिन नंबर चढवायचा होता. लिलावाचे कागद जपून ठेवले होते म्हणून ते झालं. मायापुरीत बिनकागदाचं इंजिन स्वस्त मिळतं. ते घेऊ नका. पुढं त्या नंबरामागे काय निघेल ते सांगता येत नाही.

पुतण्यासाठी गोष्टी पुष्कळ बदलल्या आहेत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तेव्हाही होतं, पण जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की उत्पादकानं ठरवलेल्या मूळ तपशिलांना सोडून बदल करता येणार नाही. शिवाय एनसीआर, म्हणजे दिल्लीभोवतीचा राजधानी प्रदेश, आणि तिथले जुन्या गाड्यांवरचे निर्बंध. पंधरा वर्षांवरच्या गाड्यांबद्दल राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश नोव्हेंबर २०१४चा, दहा वर्षांवरच्या डिझेलबद्दलचा एप्रिल २०१५चा, आणि ऑक्टोबर २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना बळ दिलं. त्यानंतरही यात फेरफार होत आले आहेत. मी त्याला म्हटलं, बाळा, तुझ्या जुन्या डिझेल जीपला गुरुग्राममध्ये रस्ता मिळणार की नाही हे आधी विचारून ये. आणि तोवर चेसीचं चित्र काढ, दाते मोज, ॲक्सलवर खडूनं आकडे लिही. त्याला पैसे पडत नाहीत.

डिसेंबर २०१०मध्ये जीप पुन्हा ट्रकवर चढली. मी रेल्वेनं मागोमाग गेलो. हिरण्यकेशी नदीच्या काठची आमची उतरण आबांनी मुद्दाम निवडली. ट्रॅक्टरच्या टायरांनी खोल चाकोऱ्या पडलेली, वर लाल मातीचा चढ. बाजूला बसून मी कान लावला होता इंजिनाकडे. आबांचा हात सरळ खाली छोट्या दांड्याकडे गेला. तो मागे ओढला, दाते बसल्याचा ओळखीचा खट्‌ असा आवाज आला, आणि आबा काही बोलले नाहीत. क्लच सोडला आणि जीप मातीत नखं रोवून वर निघाली.